गाठ साधी की कॅन्सरची, हे काचेवर कसं ठरतं

स्तनात गाठ लागली म्हणून तपासायला येणाऱ्या बहुतेक बायकांची गाठ कॅन्सरची नसते. पण एवढ्यावर कुणाचंच समाधान होत नाही. प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या गाठीबद्दल कळायला हवं असतं, आणि ते उत्तर शेवटी पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली, काचेच्या पट्टीवर ठरतं. सुई टोचल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंतच्या दिवसांत त्या तुकड्याचं काय होतं, त्यात काय बघतात आणि कुठे चूक होऊ शकते, हे ठाऊक असलं की प्रश्न नेमके विचारता येतात. काही चुका तर बाटली लॅबमध्ये पोचवणारा नातेवाईकच टाळू शकतो.

पुण्यातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. चौकाचौकात 'पॅथॉलॉजी लॅब' अशी पाटी दिसते, पण तिथे मुख्यतः रक्त आणि लघवी तपासतात. तुकड्याची तपासणी, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी, हे वेगळं काम आहे. त्याला वेगळी यंत्रं लागतात, वेगळा अनुभव लागतो. कोपऱ्यावरचं कलेक्शन सेंटर तुमची बाटली फक्त पुढे पाठवतं. म्हणून बाटली देतानाच विचारून घ्यावं: तुकडा नेमका कुठल्या लॅबमध्ये जाणार, आणि खास स्टेन, म्हणजे ठरावीक पेशी ओळखायचे रंग, लागले तर ते तिथेच होतात का आणखी कुठे पाठवावे लागतात? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर रिपोर्टचे चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात.

तिन्ही तपासण्यांचा मेळ

स्तनाच्या गाठीचा निर्णय एकट्या पॅथॉलॉजिस्टने द्यायचा नसतो. सर्जनने हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुईने घेतलेला नमुना, या तिघांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' असा आकडा असतो, तो आधी बघा. १ म्हणजे काही आढळलं नाही, २ म्हणजे नक्की साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि अशा वेळी सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ हा आकडा फार मोठी जागा व्यापतो, २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणून त्याचे ए, बी, सी असे भाग केलेले असतात, आणि कुठला भाग हे लिहिलेलं नसेल तर विचारावं. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो हवेत. तो शून्य बघून काही जणी निश्चिंत होतात, तसं करू नये.

हा आकडा पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचणं फार गरजेचं आहे. समजा सोनोग्राफीत बायरॅड्स ५ आहे, गाठीच्या कडा काटेरी आहेत, आणि बायोप्सीच्या तुकड्यात नुसती चरबी आणि दोन साध्या नळ्या दिसतात. रिपोर्टमध्ये 'कॅन्सर दिसत नाही' असंच येणार, आणि ते त्या तुकड्यापुरतं खरंही असेल. पण बहुतेक शक्यता अशी की सुई गाठीत गेलीच नाही. फोटो आणि काच यांचं जुळत नसेल तर बायोप्सी पुन्हा करायची किंवा गाठ काढून तपासायची, हा नियम आहे. तरीही अर्जावर नुसतं 'लंप ब्रेस्ट' एवढं लिहून बाटल्या येतात. वय, कुठली बाजू, गाठ घड्याळाच्या कितीच्या दिशेला आहे, किती सेंटिमीटरची आहे, बायरॅड्स किती, हे अर्जावर हवंच. सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स बाटलीसोबत जोडली की निम्मं काम होतं.

सुईच्या दोन तऱ्हा

एफएनएसी म्हणजे इंजेक्शनच्या बारीक, साधारण २३ गेजच्या सुईने गाठीतल्या सुट्या पेशी ओढून काचेवर पसरवणं. भूल लागत नाही, पाच मिनिटांत होतं, खर्च कमी. कोअर बायोप्सीत, जिला ट्रू-कट असंही म्हणतात, जागा बधिर करून १४ गेजच्या जाड सुईने गाठीचे सलग तुकडे काढतात. प्रत्येक तुकडा शेवयाच्या काडीएवढा, एक-दीड सेंटिमीटर लांबीचा. असे साधारण चार-पाच घेतात.

फरक समजून घ्यायला विटांचं उदाहरण चांगलं आहे. एफएनएसीत तुम्हाला सुट्या विटा मिळतात, कोअर बायोप्सीत भिंतीचा तुकडा मिळतो. विटा कशा आहेत हे पहिल्यात कळतं, घर कसं बांधलं होतं ते दुसऱ्यात. स्तनाच्या बाबतीत साधं आणि कॅन्सर यांतला फरक खूपदा बांधणीतच असतो. पेशी नळीच्या आतच आहेत की बाहेर पसरल्या आहेत, हे एफएनएसी सांगूच शकत नाही. त्यामुळे कॅन्सरची शंका असेल तिथे थेट कोअर बायोप्सी करावी, मधली पायरी घेऊ नये. एफएनएसी उपयोगाची आहेच: पाण्याची गाठ रिकामी करायला, काखेतली गाठ तपासायला, किंवा तरुण मुलीच्या सगळ्या बाजूंनी साध्या दिसणाऱ्या गाठीला.

एफएनएसीचा रिपोर्ट पाच वर्गांत येतो: नमुना अपुरा, साधी, पेशी थोड्या वेगळ्या, संशयास्पद, आणि कॅन्सर. 'अपुरा' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. नमुन्यात निदान करण्याइतक्या पेशी आल्या नाहीत, तपासणी झालेली नाही, असा त्याचा अर्थ. 'संशयास्पद' आणि 'कॅन्सर' या दोन्हींवर पुढे कोअर बायोप्सी लागतेच.

काच तयार करताना एक बारीक चूक होते. पेशी पसरवल्या की काही पट्ट्या हवेत वाळवतात आणि काही तत्क्षणी अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण दोघींचे रंग वेगळे. अल्कोहोलची पट्टी बुडवायला थोडा जरी उशीर झाला तरी पेशी वाळतात, त्यांची केंद्रकं पसरट आणि मोठी दिसतात, आतले बारकावे पुसट होतात. मोठी केंद्रकं ही कॅन्सरची खूण, म्हणून अशा पट्टीवर साधी गाठही संशयास्पद वाटू शकते.

दुसरी गोष्ट बाईनेच सांगायची आहे. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते अर्जावर लिहिलं गेलं आहे ना, हे बघा. त्या काळात दूध बनवणाऱ्या पेशी फुगतात, त्यांच्या केंद्रकात ठळक ठिपका येतो, त्या भराभर वाढत असतात. एफएनएसीत हे सगळं कॅन्सरसारखं दिसतं. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे चुकीचं निदान होण्याचा धोका पुस्तकात शिकवतात, आणि तो खरा आहे.

बाटली

ऑपरेशन किंवा बायोप्सी झाल्यावर नातेवाइकाच्या हातात कॅरीबॅगमधून बाटली दिली जाते आणि 'लॅबला नेऊन द्या' असं सांगतात. या बाटलीवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

तुकडा शरीरातून निघाल्यापासून तासाभरात १० टक्क्यांच्या न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे. फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट तरी हवं, आणि त्यात तुकडा किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडत जातो, पेशींच्या कडा विरघळतात. स्पिरिटमध्ये तो आकसून कडक होतो. फॉर्मालिन कमी वेळ मिळालं तर हार्मोनच्या तपासणीचं, म्हणजे कॅन्सरच्या पेशी हार्मोनला प्रतिसाद देतात का याचं, उत्तर खोटं 'निगेटिव्ह' येऊ शकतं, आणि मग जिला हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग झाला असता तिला त्या मिळत नाहीत. गोष्ट एवढी गंभीर आहे.

फॉर्मालिन आत शिरतं तेही फार सावकाश, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. पाच-सहा सेंटिमीटरची चरबीने वेढलेली गाठ तशीच अख्खी बाटलीत टाकली तर बाहेरून टणक आणि आतून कच्ची राहते. मोठा नमुना लॅबमध्ये लवकर पोचवून त्याच्या चकत्या पाडाव्या लागतात. निमुळत्या तोंडाची बाटली वापरू नये: मऊ गाठ आत कोंबून जाते, फॉर्मालिनने कडक झाल्यावर बाहेर येत नाही. नाव झाकणावर लिहू नये, बाटलीवर लिहावं, कारण लॅबच्या टेबलावर चार बाटल्यांची झाकणं एकाच वेळी उघडी असू शकतात. फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळही लिहावी.

अनंत चतुर्दशीला पेठांमधले रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. त्या दिवशी केलेली बायोप्सी लॅबला दुसऱ्या दिवशी पोचली तरी काही बिघडत नाही, फक्त तुकडा योग्य फॉर्मालिनमध्ये हवा. बारामती किंवा जुन्नरहून येणाऱ्या बाटलीलाही हेच लागू आहे. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, बर्फात तर मुळीच नाही.

एक अपवाद मात्र आहे. डॉक्टरांना टीबीची किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल, तर एक तुकडा वेगळ्या, निर्जंतुक बाटलीत सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मालिन जंतूंना मारतं, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, होत नाही. हे आधी ठरवावं लागतं, नंतर आठवून उपयोग नसतो.

काढलेली अख्खी गाठ आली असेल तर पॅथॉलॉजिस्ट आधी तिच्या कडांना शाई लावतात आणि मग कापतात. शाईमुळे गाठीची खरी कड कुठली ते नंतर काचेवर कळतं. कापतानाच बरंच समजतं. साधी फायब्रोअ‍ॅडेनोमा रबरासारखी, पांढुरकी, कापल्यावर कापलेला भाग फुगून वर येतो आणि त्यात बारीक भेगा दिसतात. कॅन्सरची गाठ टणक, सुरी फिरवताना कचकच लागते, कच्चं फळ कापल्यासारखी, आणि कापलेला भाग आत ओढला जातो. तरी हाताच्या अंदाजावर कुणी रिपोर्ट देत नाही. जुन्या माराने चरबी मेलेली असेल तर तीही अशीच टणक आणि कचकचीत लागते, आणि ती पूर्ण निरुपद्रवी असते.

मग तुकडे अल्कोहोलमधून, झायलीनमधून जातात, त्यांतलं पाणी निघतं आणि त्या जागी वितळलेलं मेण भरतं. मेणाचा ब्लॉक बनतो, त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप मायक्रोटोमवर काढतात आणि जांभळा-गुलाबी रंग देतात. हे सगळं रात्रभराचं काम आहे, ते घाईने होत नाही.

वाड्याची भिंत

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्तनात दुधाच्या नळ्यांचं जाळं असतं आणि नळ्यांच्या टोकांना द्राक्षाच्या घडासारखे लोब्यूल. कुठलीही नळी आडवी कापून पाहिली तर पेशींचे दोन थर दिसतात. आतला थर दूध तयार करणाऱ्या पेशींचा. बाहेरचा थर चपट्या, स्नायूसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींचा; बाळ ओढू लागलं की याच पेशी नळी दाबून दूध पुढे ढकलतात. यांना मायोएपिथेलियल पेशी म्हणतात. त्यांच्या बाहेरून एक पातळ पडदा असतो.

जुन्या वाड्यासारखं बघा. आत राहणारी माणसं म्हणजे आतला थर, आणि वाड्याची भिंत म्हणजे मायोएपिथेलियल थर. साध्या गाठीत वाडा वेडावाकडा झालेला असतो, खोल्या दबलेल्या असतात, माणसं वाढलेली असतात, पण भिंत जागेवर असते. नळीतल्या नळीत असलेल्या कॅन्सरमध्ये, ज्याला डीसीआयएस म्हणतात, आतली माणसं बिघडलेली आहेत, तरी भिंत अजून उभी आहे. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये भिंत उरलेलीच नसते. पेशी थेट बाहेरच्या ऊतीत शिरलेल्या असतात.

म्हणून 'ही पेशी कॅन्सरसारखी दिसते का?' या प्रश्नाच्या बरोबरीने 'भिंत आहे का?' हा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्या प्रश्नात दोन्ही बाजूंनी फसायला होतं. दूध पाजणाऱ्या बाईच्या साध्या पेशी भयंकर दिसतात, आणि काही कॅन्सरच्या पेशी अगदी सोज्वळ.

एक जोडी जवळून पाहू. स्क्लेरोजिंग अ‍ॅडेनोसिस हा साधा बदल आणि ट्युब्युलर कार्सिनोमा हा कॅन्सर. दोन्हींत कठीण तंतूंमध्ये रुतलेल्या छोट्या छोट्या नळ्यांची गर्दी दिसते, दोन्हींच्या पेशी लहान आणि शांत. घाईने थेट मोठ्या लेन्सखाली बघितलं की घोटाळा होतो. आधी सगळ्यात लहान लेन्स, ४ची, लावायची. अ‍ॅडेनोसिसची गर्दी गोलसर घडांमध्ये असते, लोब्यूलचा मूळ आकार ओळखू येतो, आणि मधल्या नळ्या दाबून चपट्या झालेल्या असतात. ट्युब्युलर कार्सिनोमाच्या नळ्या कुठल्याही घडाची शिस्त न पाळता चरबीत शिरलेल्या असतात. त्यांचं तोंड उघडं, एका बाजूला टोकदार, थेंबासारखं. त्यांच्याभोवतीची ऊती ताजी, फिकी, पेशींनी भरलेली. मग ४०ची लेन्स लावून नळीचा एकच थर आहे की दोन, ते बघायचं.

तरी शंका उरली तर खास स्टेन, म्हणजे आयएचसी: अँटिबॉडी वापरून पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगवतात. पी६३ हा मार्कर मायोएपिथेलियल पेशींच्या केंद्रकाला तपकिरी रंग देतो. अ‍ॅडेनोसिसमध्ये प्रत्येक नळीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ उठते. ठिपके थोडे अंतराने असतात, सलग रेघ नसते, तेवढं धरून चालावं लागतं. ट्युब्युलर कार्सिनोमाच्या नळ्यांभोवती एकही ठिपका नाही. मात्र त्याच कापात शेजारी एखादी निरोगी नळी असते, तिच्याभोवती ठिपके आलेत का हे आधी बघायचं. तिथेही आले नसतील तर स्टेनच फसलेला आहे, आणि कोरी काच हा कॅन्सरचा पुरावा ठरत नाही.

एकाच मार्करवर विसंबू नये, किमान दोन लावावेत. कॅल्पोनिन किंवा स्मूथ मसल मायोसिन हे सोबतीला घेतात. स्मूथ मसल अ‍ॅक्टिन जुना आणि सगळीकडे मिळणारा आहे, पण तो कॅन्सरभोवतीच्या साध्या तंतुपेशींनाही रंगवतो, आणि नवख्या डोळ्याला तीच भिंत वाटते. नियमाला अपवादही आहेत. मायक्रोग्लँड्युलर अ‍ॅडेनोसिस हा दुर्मीळ साधा बदल. त्यात भिंतीचा थर नसतो, फक्त बाहेरचा पडदा शिल्लक असतो. असं काही निघालं की स्तनाच्याच काचा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवणं शहाणपणाचं.

रिपोर्टमधली नावं

फायब्रोअ‍ॅडेनोमा हे तरुण मुलींच्या रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त दिसणारं नाव. बोटाखाली गाठ निसटते, जागा बदलते. एफएनएसीत हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले पेशींचे गट आणि मध्ये विखुरलेली उघडी, लांबट केंद्रकं दिसतात. ही उघडी केंद्रकं भिंतीच्या पेशींची, म्हणून ती दिसणं चांगलं लक्षण. तिचा कॅन्सर सहसा होत नाही, लहान असेल तर बहुधा काढायचीही गरज नसते.

तिच्यासारखाच दिसणारा फायलोड्स ट्यूमर मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यातही नळ्या आणि तंतुपेशी दोन्ही असतात, पण तंतुपेशींची वाढ जास्त, आणि ती पानांसारखी नळ्यांच्या पोकळीत घुसलेली. साधा, मधला आणि घातक असे तीन प्रकार. पेशींची दाटी, केंद्रकांचा वेडेवाकडेपणा, कड पसरलेली आहे का, आणि विभाजन होणाऱ्या पेशी किती, हे सगळं एकत्र बघून प्रकार ठरतो. मोठ्या लेन्सखालच्या दहा क्षेत्रांत अशा पेशी पाचपेक्षा कमी असणं साध्या प्रकारात बसतं, दहा किंवा जास्त असणं घातक प्रकाराकडे नेतं. अडचण अशी की गाठीच्या एका भागात फायब्रोअ‍ॅडेनोमासारखं चित्र आणि दुसऱ्या भागात फायलोड्सचं, असं असू शकतं, आणि शेवयाच्या काडीएवढा तुकडा कुठल्या भागातून आला हे नशिबावर असतं. म्हणून 'फायब्रोअ‍ॅडेनोमा' असा रिपोर्ट आला तरी गाठ काही महिन्यांत भराभर वाढत असेल तर ती काढूनच तपासली पाहिजे. 'फायब्रोएपिथेलियल लीजन' असा गोलमोल वाटणारा शब्द रिपोर्टमध्ये असेल तर पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे हेच सांगत असतात, की एवढ्या तुकड्यात दोघींपैकी कुठली ते ठरत नाही.

ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हे नाव बाळंतपणानंतर काही वर्षांत असलेल्या तरुण बायकांच्या रिपोर्टमध्ये येतं. हाताला टणक, सोनोग्राफीत वाईट दिसणारी, कधी काखेत गाठ असलेली, म्हणून कॅन्सर समजून घरादाराची झोप उडते. काचेवर कॅन्सर नसतो, सुजेच्या पेशींचे गोळे, म्हणजे ग्रॅन्युलोमा, असतात. इथे उलटी घाईही होते: आपल्याकडे टीबी खूप असल्यामुळे ग्रॅन्युलोमा दिसले की टीबीची औषधं सुरू करण्याकडे कल असतो. ग्रॅन्युलोमा लोब्यूलपुरते मर्यादित आहेत का, मध्ये दह्यासारखा मृत भाग आहे का, खास स्टेनमध्ये टीबीचे जंतू दिसतात का, आणि सलाइनमधल्या तुकड्यावरच्या तपासण्या काय म्हणतात, हे बघून ठरवायला हवं.

फायब्रोसिस्टिक बदल, अ‍ॅपोक्राइन मेटाप्लेझिया, डक्ट एक्टेझिया ही नावं वाचून घाबरू नये, ते आजार म्हणावेत असेही बदल नाहीत. बोंडातून एकाच छिद्रातून रक्तासारखा स्राव येणं मात्र दाखवावं. तिथे बहुधा पॅपिलोमा, म्हणजे नळीतली फांद्यांची छोटी वाढ, निघते, पण खात्री तुकड्यावरच होते.

काचेवर सोज्वळ दिसून फसवणारा कॅन्सर म्हणजे लोब्युलर कार्सिनोमा. त्याच्या पेशी लहान, एकसारख्या, एकामागोमाग रांगेत चाललेल्या. गाठ होतेच असं नाही, नुसता जाडसरपणा लागतो, मॅमोग्राफीत सहज दिसत नाही, एफएनएसीत पेशी थोड्याच येतात आणि त्या साध्या वाटतात. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यांच्यात बहुतेकदा नसतं, आणि त्याच्याच स्टेनने हा प्रकार पक्का करतात. एफएनएसी दोनदा 'साधी' आली पण हाताला जाडसरपणा वाढतोय, तर कोअर बायोप्सीचा आग्रह धरावा.

मधला पट्टा

साधं आणि कॅन्सर यांच्यामध्ये एक पट्टा आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतात. नळीच्या आतल्या पेशी वाढल्या की त्या वाढीला हायपरप्लेझिया म्हणतात. नेहमीच्या हायपरप्लेझियामध्ये पेशी निरनिराळ्या आकारांच्या, एकमेकींवर चढलेल्या, लाटेसारख्या वाहणाऱ्या. मधल्या फटी कडेला आणि वेड्यावाकड्या. एटिपिकल हायपरप्लेझियात उलट, सगळ्या पेशी एकाच साच्यातून काढल्यासारख्या, अंतर राखून बसलेल्या, आणि मधली छिद्रं पंचिंग मशीनने पाडल्यासारखी गोल. इथे विस्कळीतपणा चांगला आणि शिस्त वाईट, हे आधी विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे: एकाच बिघडलेल्या पेशीपासून सगळ्या झालेल्या असतात, म्हणून त्या सारख्या दिसतात. सीके५/६ या मार्करने नेहमीच्या वाढीत ठिगळांसारखा रंग येतो, एटिपिकलमध्ये येत नाही.

एटिपिकल वाढ आणि कमी दर्जाचा डीसीआयएस यांच्या पेशी तर सारख्याच. फरक फक्त पसाऱ्याचा: २ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा पूर्ण भरलेल्या दोन नळ्या असतील तर डीसीआयएस. ही रेघ माणसांनी ठरवलेली आहे. त्यामुळे दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टचं इथे दुमत होऊ शकतं, आणि त्यात कुणी चुकलेलं असतंच असं नाही.

नेहमीच्या हायपरप्लेझियात पुढे कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या दीड ते दोन पट असतो, एटिपिकलमध्ये साधारण चार पट. दीडपट ऐकायला मोठं वाटतं, पण मूळ आकडा लहान असल्याने तिथे वेगळे उपचार नसतात. एटिपिकल मात्र कोअर बायोप्सीत निघालं तर सहसा तो भाग काढून तपासतात, कारण शेजारीच डीसीआयएस असू शकतो आणि सुईला तो चुकलेला असू शकतो.

मॅमोग्राफीत दिसणाऱ्या चुन्याच्या कणांसाठी बायोप्सी केली असेल तर रिपोर्टमध्ये ते कण सापडल्याचा उल्लेख हवाच. सापडले नाहीत तर ब्लॉकचे आणखी खोल काप काढतात. एका जातीचे कण साध्या प्रकाशात दिसतही नाहीत, ते ध्रुवीकृत प्रकाशात चमकतात. तरीही मिळाले नाहीत तर नमुना चुकीच्या जागेचा असण्याची शक्यता धरावी लागते.

दुसरं मत

रिपोर्टमध्ये कॅन्सर असेल तर पुढे ग्रेड (पेशी किती बिघडल्या आहेत), हार्मोनचे दोन मार्कर आणि हर२ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) यांची उत्तरं लागतात. हर२ '२+' आलं तर उत्तर अर्धवट असतं, फिश नावाची तपासणी करून ते पूर्ण करावं लागतं.

पॅपिलोमा, फायलोड्स, एटिपिया, किंवा फोटोशी न जुळणारा कुठलाही रिपोर्ट असेल तर दुसरं मत घ्यावं. त्यात पहिल्या पॅथॉलॉजिस्टचा अपमान नाही. अवघड काचा ते स्वतःच एकमेकांना दाखवत असतात. लॅबकडे लेखी अर्ज देऊन ब्लॉक, रंगवलेल्या काचा आणि रिपोर्ट हे तिन्ही मागा. नुसत्या काचा नेल्या तर नवे स्टेन करता येत नाहीत. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच काउंटरवर जुळवून घ्या. काचा खोक्यात उभ्या ठेवून न्या, आणि एप्रिल-मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत किंवा उन्हातल्या डॅशबोर्डवर ठेवू नका: मेण मऊ पडलं तर आतला तुकडा हलतो, आणि तो तुकडा पुन्हा मिळत नाही.